न कोसळलेली दरड

दुबईच्या देरा भागातल्या आमच्या घरी बर्फ यायचा तो गोणपाटात गुंडाळून, हातगाडीवरून, आणि दारात पोचेपर्यंत त्यातला बराचसा रस्त्यावर सांडलेला असायचा. अम्मी तो भुशात घालून मोरीच्या कोपऱ्यात ठेवायची आणि त्यावर सुरमईचे तुकडे पसरायची. कुणी सरबतासाठी टवका मागितला तर म्हणायची, "मासळीचं उरलं तर बघू." बर्फाशी आमची ओळख एवढीच. तो आकाशातून पडतो, डोंगरावर थरांनी साचतो आणि एखाद्या स्वच्छ दुपारी सगळाच्या सगळा माणसांच्या अंगावर येतो, हे आम्हा रत्नागिरीच्या लोकांना कळलं ते तिथेच. माझ्या नातवाला हे सांगितलं की तो फोनमधून डोकं वर न काढता म्हणतो, "दादी, दॅट मेक्स नो सेन्स." त्याचं बरोबर आहे. पण ज्या गोष्टीने माझं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं ती इतकी विसंगत असूनही घडली, त्याला मी काय करू?

घर एका इराणी व्यापाऱ्याचं होतं. खाली दोन खोल्या आणि अंगण आमच्याकडे, आणि वर, वारा खाली ओढून आणणाऱ्या बुरुजाला लागून, एक खोली. तिचा जिना बाहेरून होता. सकाळी खाडीवर लाँचा बांधणाऱ्या सुतारांची ठोकाठोक सुरू व्हायची, मग पाणीवाल्याच्या गाढवाच्या गळ्यातली घंटा, मग आमच्या स्टोव्हचा भडभड आवाज. अब्बा रस्त्यांची मोजणी करणाऱ्या एका परदेशी कंपनीत स्टोअरकीपर होते. सगळ्या ऑफिसात त्यांच्याइतका भला माणूस नव्हता, असं लोक म्हणत. याचा अर्थ इतकाच, की त्यांना कुणालाही नाही म्हणता येत नसे. मी रत्नागिरीला मॅट्रिक होऊन नुकतीच आले होते. दिवसभर अम्मीबरोबर तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, नारळ खवायचा आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन खाडीतल्या होड्या मोजायच्या, एवढंच माझं काम होतं.

वरच्या खोलीत कंपनीचा एक नवा सर्व्हेअर येणार, नाव अंतोन, असं अब्बांनी सांगितलं तेव्हा अम्मीला फार बरं वाटलं. अंतोन म्हणजे गोव्याचा, म्हणजे निदान मासे खाणारा. तिने पहिल्या दिवशी बांगड्याचं सालन करून वर पाठवलं. थोड्या वेळाने जिन्यावरून खाली आला तो सहा फूट उंचीचा, भाजलेल्या रताळ्याच्या रंगाचा, पांढऱ्या भुवयांचा गोरा माणूस. रिकामा वाडगा दोन्ही हातांत धरून तो उभा राहिला आणि घशातल्या इंग्रजीत म्हणाला, की असा पदार्थ त्याने आयुष्यात खाल्ला नाही, आणि त्यातला काटा अजून त्याच्या घशात आहे. अम्मीने त्याला कोरडा भात गिळायला लावला. ओळख झाली ती अशी.

अंतोन साहेब आल्प्समधल्या कुठल्याशा खेड्यातले. वयाने अब्बांपेक्षा मोठे, त्यामुळे अंगणात येऊन बसले तर कुणाला वावगं वाटत नसे. त्यांचं इंग्रजी आणि माझं मॅट्रिकचं इंग्रजी दोन्ही सारखीच मोडकी असल्यामुळे आमचं छान जमायचं. अम्मीला त्यांचं बोलणं समजावून सांगायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीच्या दोन वाकड्या टोकांच्या फळ्या उभ्या होत्या. अम्मीला वाटलं, ते मोडक्या होडीचे तुकडे आहेत. या फळ्या पायांना बांधून माणसं बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली येतात, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने फक्त एक प्रश्न विचारला, "कशापायी?" मी तो इंग्रजीत केला. अंतोन साहेब त्या फळ्यांकडे बघून म्हणाले, "मॅडमला सांग, हा प्रश्न मलाही तीस वर्षं पडलाय."

कारण त्यांचं तिकडचं काम वेगळंच होतं. काही लोक म्हणे आखलेल्या वाटा सोडून, फळ्यांना कातडं बांधून, स्वतःच डोंगर चढतात आणि जिथे कुणाचं पाऊल पडलेलं नाही अशा उतारावरून खाली येतात. त्या लोकांना आज जा किंवा आज जाऊ नका, हे सांगणं ही अंतोन साहेबांची नोकरी. रोज सकाळी ते वर जायचे, बर्फात छातीइतका खड्डा खणायचे, त्याच्या भिंतीवरचे थर बोटांनी दाबून पाहायचे आणि खाली येऊन हॉटेलच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहायचे. एका हिवाळ्यात त्यांनी सलग कितीतरी दिवस 'जाऊ नका' लिहिलं. त्या दिवसांत बर्फाची एकही दरड आली नाही. हॉटेलवाल्यांचे पाहुणे चिडून निघून गेले आणि हॉटेलवाल्यांनी अंतोन साहेबांना काढून टाकलं.

"म्हंजे कुणी मेलं नाय म्हणून नोकरी गेली?" अम्मीने विचारलं.

"हो. आता तिथे दुसरा आहे. तो रोज 'जा' लिहितो."

"मग आता कुणी मेलं?"

"नाही," साहेब म्हणाले, आणि जरा खाली बघून, "अजून तरी नाही."

मला आठवतं, त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती आणि तिची त्यांना लाजही वाटत होती.

एका दुपारी अम्मी भाकऱ्यांचं पीठ घेऊन बसली असताना त्यांनी विचारलं, की बर्फ कसा सुटतो ते दाखवू का. अम्मीने परात पुढे सरकवली. त्यांनी परातीत आधी ओलं पीठ थापलं. हा जुना बर्फ, म्हणाले, घट्ट. मग अम्मीच्या डब्यातली साखर त्यावर पातळ पसरली. थंडीच्या कोरड्या रात्रींत बर्फाचा एक थर असा दाणेदार होतो, एकाला एक चिकटत नाही. त्यावर त्यांनी कोरडं पीठ चाळलं आणि हाताने हलकेच दाबून गादीसारखं केलं. वाऱ्याने आणून टाकलेला नवा बर्फ. दिसायला किती मऊ, किती भक्कम! परात त्यांनी एका बाजूने उचलली. काही झालं नाही. आणखी उचलली. तरी नाही. अम्मी मला म्हणाली, "ह्येचा बर्फ चांगला हाय गो." तेवढ्यात साहेबांनी वरच्या कडेला एका बोटाने टिचकी मारली. पिठाला वर एक आडवी रेघ पडली आणि सबंध गादी अखंड घसरून अम्मीच्या मांडीवर आली.

अम्मी मांडीवरचं पीठ झटकायला लागली. साखर गेली याचं दुःख होतंच, पण ती म्हणाली ते वेगळं. "दोष साखरेचा. आणि दिसतं ते पीठ."

मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा अंतोन साहेब उठून उभे राहिले आणि अम्मीपुढे वाकले. मग त्या दुपारी त्यांनी आम्हाला पुष्कळ सांगितलं. वादळाच्या दिवशी कुणी मरत नाही, कारण कुणी बाहेरच पडत नाही. मरतात ते वादळानंतरच्या पहिल्या लख्ख दिवशी. उतारावर दुसऱ्याच्या फळ्यांच्या खुणा दिसल्या तर लोकांना वाटतं वाट सुरक्षित आहे. खुणांचा अर्थ इतकाच, की तो उतार त्या माणसासाठी सुटला नाही. आणि सुटायच्या आधी कधीकधी बर्फ आवाज करतो. तो आवाज त्यांनी करून दाखवला. तोंड मिटून, छातीतून काढलेला एक खोल हुंकार, पायाखालचं घर एक इंच खाली बसावं तसा. अब्बा ऑफिसातून येत होते ते तो ऐकून दारातच थबकले.

या सगळ्याच्या मध्ये माझं लग्न ठरलं होतं. ठरवलं ते दाऊद मामूने. मामू म्हणजे अम्मीचा धाकटा भाऊ. खाडीवर लाँचांच्या मालाची दलाली करायचा आणि जगातली कुठलीही गोष्ट मोठ्या आवाजात सांगितली की खरी होते, अशी त्याची श्रद्धा होती. मुलगा इक्बाल. त्यांचं घराणं रत्नागिरीकडचंच, पण वडिलांनी डोंगरांपलीकडे फुजैऱ्याच्या किनाऱ्यावर तांदूळ आणि कापडाचं दुकान टाकलं होतं. इक्बाल त्यांची लाँच घेऊन दुबईला आला की आमच्याकडे जेवायला असायचा. मासा खाताना त्याच्या ताटात काट्यांची एक नीट रांग तयार व्हायची. जाताना तो दारातल्या सगळ्यांच्या चपला सरळ करून ठेवायचा, नकळत, बोलता बोलता. आमच्यात जे एकमेव संभाषण झालं ते अम्मीसमोर झालं. मी कढी वाढत होते. तो ताटाकडे बघत म्हणाला, "आमचं घर अगदी वाळूवर आहे. रात्रभर समुद्राचा आवाज येतो. काहींना झोप लागत नाही." मी म्हटलं, "मला लागते." बस. आजकालच्या मुली यावर हसतील. मी त्या चार वाक्यांवर अख्खा पावसाळा काढला असता, पण तिथे पावसाळाही नव्हता.

हाजीसाहेब, म्हणजे इक्बालचे वडील, पाय मोडून अंथरुणाला खिळले होते. त्यांची इच्छा, निकाह डोळ्यांदेखत व्हावा. त्यामुळे वरात नवरीच्या घरी येण्याऐवजी नवरीनेच वऱ्हाड घेऊन फुजैऱ्याला जायचं ठरलं. निकाह झाला की इक्बाल लाँच घेऊन बसऱ्याला निघणार होता आणि परतल्यावर संसार. अम्मीला ही उलटी वरात मुळीच पसंत नव्हती. पण अब्बा हो म्हणून बसले होते. कंपनीची माणसं त्याच सुमाराला पलीकडच्या किनाऱ्यावर मोजणीला जाणार होती, म्हणून दोन लँडरोव्हर मिळाल्या. एक अंतोन साहेब चालवणार, दुसरी मुराद नावाचा बलुची ड्रायव्हर.

निघायच्या आधी दोन-तीन दिवस पाऊस लागला. तिकडे हिवाळ्यात तो असा मनात आलं की येतो आणि सगळा देश चिखलात घालून जातो. मग एका सकाळी आभाळ असं स्वच्छ झालं, जणू धुऊन वाळत घातलंय. मामू म्हणाला, "यल्ला, चला, अल्लाने रस्ता साफ करून दिला." अंतोन साहेबांनी आभाळाकडे बघितलं आणि गाडीत दुर्बीण आणि काठी ठेवली. मला मात्र त्यांचं वादळानंतरच्या लख्ख दिवसाचं बोलणं आठवलं, आणि मेंदी लावलेल्या हातांनी मी ते बाजूला सारलं.

आज मुलगा मला गाडीतून फुजैऱ्याला नेतो तेव्हा डुलकी लागेपर्यंत समुद्र येतो. तेव्हा रस्ताच नव्हता. धैदपर्यंत वाळू, मसाफीपर्यंत दगड, आणि मसाफीनंतर वादीतून, म्हणजे डोंगरांच्या मधल्या कोरड्या नदीच्या पात्रातून, खाली किनाऱ्यापर्यंत. त्या दिवशी ती कोरडी नव्हती. मध्ये पाण्याच्या ओघळी वाहत होत्या, म्हणून चाकोरी पात्र सोडून काठाने, एका लांबलचक उताराच्या पायथ्याने जात होती. डोंगर काळपट, गुळगुळीत खडकाचा, आणि त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत खडी आणि माती यांचा जाड थर. पावसाने तो भिजून चॉकलेटी झाला होता. तिथे अंतोन साहेबांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि मागच्या मुरादलाही बंद करायला लावलं.

ते खाली उतरले. दुर्बिणीतून वर पाहिलं. काठी घेऊन थोडं पुढे गेले, मातीत खुपसली, काठी एका ठिकाणी सहज आत गेली आणि मग एकदम खडकाला लागून थांबली. परत येऊन त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं आणि मी सगळ्यांना मराठीत. वर आडवी भेग आहे. खाली गुळगुळीत खडक, मध्ये पाणी, वर हे सगळं वजन. आज आपण जायचं नाही. सुकेपर्यंत थांबायचं. मागे उंचावर मोकळी जागा आहे, तिथे तंबू ठोकू.

"बर्फ खै हाय?" मामूने डोंगराकडे हात करून विचारलं. "जुबी, विचार त्याला. बर्फ कुठाय? ह्यो मानूस दगडाला बर्फ समजतोय!"

तेवढ्यात समोरच्या बाजूने एक म्हातारा लाकडं लादलेली गाढवं घेऊन त्याच उताराखालून आरामात चालत आला. सलाम घातला, लग्नाचे कपडे बघून हसला, दुवा दिली आणि निघून गेला. मामूला आणखी काय हवं होतं? त्याने पायजमा वर खोचला आणि कुणी काही म्हणायच्या आत चालायला लागला. त्या टोकापर्यंत गेला, तिथे दोन्ही हात वर करून जरासा नाचला, आणि परत आला. अंतोन साहेब सगळा वेळ त्याच्याकडे न बघता वर भेगेकडे बघत होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"काय झालं? काय नाय झालं!" मामू धापा टाकत म्हणाला.

साहेब मला म्हणाले, "तुझ्या मामाला सांग, आमच्याकडे दरवर्षी असा एक असतो."

"आणि त्याचं काय होतं?"

"बहुतेक वेळा तो परत येतो. म्हणून तर बाकीचे जातात."

मी हे मामूला सांगितलं. त्याला ते कौतुक वाटलं.

मुराद न्यायला तयार होता. मामू म्हणाला, मग एकेक गाडी जाऊ द्या. साहेब म्हणाले, त्यांच्याकडेही तसं करतात, एकेकाने, अंतर ठेवून, बाकीच्यांनी बघत उभं राहायचं. पण ते नाइलाज असेल तेव्हा. जीव वाचवायला पलीकडे जावंच लागत असेल तेव्हा. मामू ओरडला, "लग्न म्हंजे काय मग? लग्नाला इलाज असतो?" आणि सगळे अब्बांकडे बघायला लागले. अब्बांच्या आयुष्यात हा प्रसंग प्रथमच आला होता. दोन माणसं दोन गोष्टी मागत होती आणि दोघांनाही हो म्हणता येत नव्हतं. ते गाडीच्या खिडकीपाशी आले. मी आत शालूत, अम्मीच्या शेजारी.

"जुबी बेटा," ते हळू म्हणाले, "तूच सांग. हे साहेब म्हणतात नाइलाज असेल तर जाऊ. तुझा... नाइलाज आहे काय?"

किती सोपा प्रश्न. पलीकडे इक्बाल लाँच थांबवून बसला होता. मला तिथे जायचं होतं, त्या क्षणी, चालत, अनवाणी, कसंही. पण सगळ्या पुरुषांसमोर, मुरादसमोर, आहे नाइलाज, त्याच्याशिवाय नाही जमणार, असं म्हणणारी मुलगी तेव्हा जन्मली असेल तर ती आमच्या घरात नव्हती. आणि दुसरं असं, की इंजिनं बंद होती. अब्बा उत्तराची वाट बघत होते त्या शांततेत मला वरून बारीक आवाज आला. खडे घरंगळत होते. कुणी चालत नव्हतं, वारा नव्हता, तरी एक, मग थोड्या वेळाने आणखी दोन. मी म्हटलं, "नाही अब्बा. थांबू या."

त्यात खड्यांचा भाग किती आणि लाजेचा किती, हे मी आजही वेगळं करू शकत नाही. पुष्कळ प्रयत्न केला आहे.

आम्ही तिथे तंबू ठोकून दोन रात्री थांबलो. उन्हात माती सुकत गेली, रंग फिकट होत गेला. अम्मीने निकाहसाठी नेलेले घारगे सगळ्यांना वाटून टाकले. मामू दर तासाला डोंगराकडे बघून म्हणायचा, "अजून उभाच हाय." शेवटी साहेबांनी काठी खुपसून पाहिली, मान हलवली आणि आम्ही त्या उताराखालून गेलो. एक खडाही पडला नाही. मला वाटतं, त्या वेळी तो पडावा असं गाडीतल्या प्रत्येकाला वाटत होतं. निदान एक.

फुजैऱ्याला इक्बाल अजून होता. त्याने लाँच थांबवून धरली होती, खलाशी कुरकुरत होते, वारा फिरायला आला होता, पण तो होता. पुरुष हाजीसाहेबांच्या खाटेभोवती बसले, आम्ही बायका पडद्यामागे. खरोखरच समुद्र दारात होता. हाजीसाहेब रागावलेले नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, "उशीर कसा झाला?"

आता खरं उत्तर इतकंच होतं, की आम्ही एका डोंगराला घाबरलो आणि डोंगर पडला नाही. मामूला हे उत्तर वऱ्हाडाच्या इज्जतीला शोभणारं वाटेना. मी पडद्याआड त्याचा घसा खाकरल्याचा आवाज ऐकला आणि मला कळलं, काहीतरी मोठं येणार. "हाजीसाहेब," तो म्हणाला, "काय सांगू! वादीत बर्फ पडला. हा एवढा. गाड्या चाकांपर्यंत गाडल्या."

हाजीसाहेबांनी कित्येक वर्षं त्या किनाऱ्यावर काढली होती. ते म्हणाले, "बर्फ?"

"साहेबांना विचारा ना. ते बर्फाचेच आहेत."

आणि त्यांनी विचारलं. इक्बाल थोडं इंग्रजी बोलायचा, त्यानेच विचारलं. अंतोन साहेबांना मागचं काही कळलं नव्हतं. त्यांनी प्रश्न ऐकला आणि त्यांच्यातला तो फळ्यावर लिहिणारा माणूस जागा झाला. "स्नो? नो, नो. इम्पॉसिबल." मग त्यांनी का शक्य नाही ते समजावलं. उंची सांगितली, हवेतली ऊब सांगितली, समुद्र किती जवळ आहे ते हात पसरून दाखवलं. एक कणही नाही, म्हणाले. इक्बाल एकेक वाक्य वडिलांना सांगत गेला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला.

मला राहवलं नाही. मी पडद्यामागूनच बोलले. अम्मीने माझा दंड धरला होता. "मी थांबायला सांगितलं. दगड घरंगळत होते."

"दरड कोसळली?" हाजीसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"कोसळणार होती?"

"माहीत नाही."

मग हाजीसाहेब म्हणाले, आणि अगदी मायेने म्हणाले, त्याचंच वाईट वाटतं, "बेटा, मुलीची मर्जी नव्हती हे सरळ सांगितलं असतं तर आम्ही काही जबरदस्ती केली नसती. बर्फ कशाला आणायचा मध्ये? खलास. विषय संपला."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. इक्बाल माझ्या दिशेने बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने वडिलांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता. त्याला वाटलं, मला समुद्राच्या आवाजात झोप लागत नसावी. तो उठला आणि बाहेर गेला. आम्हाला जेवू घातलं त्यांनी, सुरमई इतकी ताजी की अम्मीने तेवढ्यातही मला हळूच तसं सांगितलं. आम्ही हात धुतले तेव्हा लाँच निघून गेली होती.

परत आल्यावर एका संध्याकाळी अंतोन साहेब अंगणात आले, टोपी हातात घेऊन. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं. म्हणाले, "मी जे केलं त्याचं मला दुःख नाही. त्याने जे झालं त्याचं आहे. आमच्या गावातही लोक माझ्यावर रागावले. पण रागावायला ते जिवंत होते." हे वाक्य त्यांनी तिकडेही पुष्कळदा वापरलं असावं, इतकं ते घासून गुळगुळीत झालेलं होतं. अम्मीने त्यांना बसायला सांगितलं आणि ताट वाढलं. ती त्यांच्यावर कधी रागावली नाही. मामूशी मात्र ती दोन वर्षं बोलली नाही. साहेब पुढे कंपनीच्या कामाने दुसऱ्या कुठल्या वाळवंटात गेले, तिथून कुठे ते कळलं नाही. अब्बा त्यानंतर थोडेथोडे नाही म्हणायला शिकले, आधी भाजीवाल्याला, मग ऑफिसात. लोक म्हणायला लागले, मुलीच्या दुःखाने माणूस कडू झाला.

मामूने मात्र या प्रकरणातून धडा घेतला. तो रत्नागिरीला गेला तेव्हा त्याने बर्फाचं नावही काढलं नाही. तिथे त्याने सांगितलं, की दरड कोसळली. आख्खा डोंगर खाली आला, आमच्या नाकासमोर, आणि आम्ही वाचलो कारण आमच्या जुबीला आधीच काहीतरी जाणवलं आणि तिने गाड्या थांबवल्या. पोरीवर अल्लाची मेहेर आहे. गावाकडे दरडी दर पावसाळ्यात कोसळतात, त्यामुळे ही गोष्ट कुणालाच अवघड गेली नाही. आणि लग्न मोडलेल्या मुलीला जी स्थळं एरवी आली नसती ती मला येऊ लागली. एका वर्षाच्या आत तिघांनी विचारलं. त्यातलं एक शौकतचं होतं. तो पुढे इथल्या बंदरात कारकून म्हणून लागला आणि आमचा संसार दुबईच्याच करामा भागात झाला.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्याला खरं सांगितलं. मला वाटलं, लपवून संसार नको. भाकरी पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "ती दरड कधी कोसळलीच नाही. मामूने बनवलं ते सगळं. आम्ही नुसतेच थांबलो होतो." इक्बालचंही सांगितलं, जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं. तो घास हातात धरून ऐकत राहिला. मला वाटलं, हाही आता हाजीसाहेबांसारखा मायेने काहीतरी म्हणणार.

"कोसळली नाही?" तो म्हणाला. "आणि तरी तू थांबलीस?"

"हो."

"कोसळल्यावर तर कुणीही थांबतं गो," असं म्हणून त्याने तो घास खाल्ला आणि आणखी कढी मागितली.

पुढची चाळीस वर्षं आमच्या घरी पाहुणे आले की शौकत त्यांना तो किस्सा सांगायचा. मी चहा घेऊन येईपर्यंत वादी, पाऊस, गाढववाला म्हातारा सगळं होऊन गेलेलं असायचं. मी दारात थांबून त्याच्याकडे बघायचे. तोही बघायचा, अगदी निर्विकारपणे, आणि मग पाहुण्यांकडे वळून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन, तो सबंध डोंगर खाली आणायचा.